पट्टी बरोबर, चेहरा चूक

मांजर्ली, बदलापूर (प.)
५ नोव्हेंबर २०२४

भावेशदादा,

नमस्कार-बिमस्कार राहू दे. तुला माझ्याकडून नको असतो आणि मलाही लिहिताना हात जड होतो. तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून हे कागदावर. चंदू बदलापूरलाच राहतो, तुझ्या लॅबला कामाला येता-जाता माझी पाकिटं नेतो-आणतो, त्यातच ही चिठ्ठी घालतेय. कामाची आहे. भाऊबीजेला का आला नाहीस असं मी विचारलेलं नाही, हे लक्षात घे.

सईच्या फोटोबद्दल आहे. दिवाळीच्या आधी वहिनीने पोरीला माझ्याकडे पाठवलं, लग्नाच्या बायोडाट्यासाठी फोटो काढायला. बापाची लॅब असताना आत्याकडे का, ते तुझ्या बायकोला विचार. मी तिला हॉलच्या खिडकीशी बसवलं. नदीच्या बाजूने तिथे छान उजेड येतो. आंब्याच्या कोवळ्या तांबूस पानाच्या रंगाची साडी होती, कपाळाला लाल टिकली. मनापासून हसली की तिचा एक डोळा जरा बारीक होतो, तो नेमका क्षण मिळाला मला. एडिटिंग हलक्या हाताने केलं. डोळ्यांखालचं जागरण, हनुवटीवरची पुटकुळी, मागच्या पडद्याची चुणी, बस. रंगाला हात लावला नाही. तिचा रंग कडक चहाचा आहे, माझ्यासारखा. तो तसाच ठेवला.

अंबरनाथची माझी नेहमीची लॅब गणपतीनंतर बंद पडली, म्हणून हल्ली नाइलाजाने माझं छपाईचं काम तुझ्याकडे येतं. हाही फोटो तुझ्याकडेच पाठवला. मुलाच्या आजीला मोबाईलमधलं दिसत नाही, तिला हातात धरायला फोटो पाहिजे, असं वहिनी म्हणाली. आज चंदूने प्रिंट आणून दिली.

दादा, ही कोण आहे रे?

साडी पिवळी पडलीये. टिकली लाल होती ती गुलाबी झालीये. आणि पोरगी पिठाच्या डब्यात तोंड घालून आल्यासारखी दिसतेय. आधी मी स्वतःवरच संशय घेतला, ती सवय मला आपल्या घराने लावलीये. लॅपटॉपचा नाइट लाइट चालू राहिला होता का? नाही. स्क्रीन फार भडक ठेवली होती का? अर्ध्यावर आहे. ट्यूबलाइटखाली बघून फसतेय का? प्रिंट घेऊन भर दुपारी गॅलरीत उभी राहिले, तिथेही तेच. फाईल लॅबला लागते त्या एसआरजीबी रंगपद्धतीतच सेव्ह केली होती, तेही परत उघडून बघितलं. आणि तुला हे सांगायची गरज नाही, पण सांगते. स्क्रीनच्या मागे दिवा असतो, कागदाच्या मागे नसतो. म्हणून प्रिंट नेहमी स्क्रीनपेक्षा जराशी काळपट येते. नवख्याची येते, माझीही येते. अशी उजळून कुणाचीच येत नाही.

मशीनचं रंगाचं ऑटो करेक्शन चालू राहिलं असेल. ते बंद करून परत काढ. मुलाकडचे चोवीस तारखेला येणार आहेत, त्याच्या आधी नीट फोटो त्यांच्या हातात जायला हवा.

विनिता


९ नोव्हेंबर

दादा,

तुझा निरोप पोचला. चंदू दारातच उभं राहून पाठ केलेलं म्हणून दाखवतो तसा बोलला, "भाऊ बोलले, ऑटो तर बंदच असतं. मशीन एकदम ओके. ताईंच्या कॉम्प्युटरमध्येच काय तरी लोचा असेल." वर स्वतःच्या पदरचं घातलं, "पण ताई, फोटो गोड आलाय हां!"

दुसरी प्रिंटही हुबेहूब पहिल्यासारखी. गोड.

हे पहिल्यांदा होत नाहीये, दादा. दसऱ्याच्या सुमाराला वांगणीच्या वरच्या पाड्यातल्या आवडीचा लग्नाचा अल्बम तुझ्याकडून छापून आणला. मी स्वतः चढून द्यायला गेले होते. तिची आजी, पुतळाबाई, पानं उलटत गेली, उलटत गेली आणि शेवटी मलाच विचारलं, "बाय, यात आमची आवडी खय हाय?" मला वाटलं म्हातारीला दिसत नसेल. तिला सगळं दिसत होतं. मी खाली मान घालून म्हणाले, माझ्या स्क्रीनचा रंग बिघडला असेल, आजी. माझ्या स्क्रीनच्या वतीने माफी मागितली मी! आवडी बिचारी तेच पान परत परत बघत होती. नवऱ्याच्या शेजारची ती गोरी बाई कोण, हे तिलाही कळत नव्हतं बहुतेक.

आता ऐक. या वेळी सईच्या फाईलला मी कडेने एक पट्टी जोडलीये. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत करड्या रंगाच्या चढत्या छटा आहेत, बाकी काही नाही. मशीन चुकत असेल, कागद जुना असेल, केमिकल मेलं असेल, तर ही पट्टीही चुकेल. निळसर होईल, नाहीतर गुलाबी, नाहीतर सगळीच उजळेल. मशीनला माझ्या भाचीशी वैर नाही. ते चुकलं तर सगळ्यांशी सारखंच चुकेल.

पट्टी कापू नका. तशीच छापून पाठवा.

विनिता


१३ नोव्हेंबर, तुळशीचं लग्न

भावेशदादा,

बाहेर सोसायटीत तुळशीला ऊस बांधलाय, पोरं फटाके उडवतायत, आणि मी टेबलावर तुझी तिसरी प्रिंट ठेवून बसलेय. पट्टी एकदम बरोबर आली. करडी ती करडी. एकही छटा इकडची तिकडे नाही. मशीन ओके, कागद ओके, केमिकल ओके. तू म्हणालास ते सगळं खरं निघालं.

पट्टी बरोबर आणि तिच्याशेजारी सईचा चेहरा चूक. पडदा पांढरा होता तो पांढराच राहिलाय. जिथे जिथे लाल-पिवळं आहे, तेवढंच कुणीतरी वर उचललंय. टिकली, ओठ, साडी, कातडी. हे मशीन करत नाही, दादा. हे माणूस करतो. बसून, निवडून, मुद्दाम करतो. आणि हे करणारा एक माणूस मला चांगला माहितीये.

आठवतं का तुला? का तुझ्याकडे ते सेव्हच झालं नाही? मी पंचवीसची होते. तू नुकताच कॉम्प्युटर शिकला होतास, अण्णांच्या लॅबमध्ये नवीन मशीन आलं होतं आणि तुला काय करू नि काय नको झालं होतं. माझ्या बायोडाट्याचा फोटो तू स्वतः केलास. मला दाखवला नाहीस. डोंबिवलीकडची माणसं आली होती. मुलगा, त्याची आई आणि एक जाडी मावशी. अंबरनाथच्या घरात, पुढच्या खोलीत. चहा मीच घेऊन गेले. सगळ्यांना दिला, ट्रे ठेवला, समोर खुर्चीवर बसले. आणि त्या मावशीने कप तोंडाला लावून, अगदी प्रेमाने आईला म्हटलं, "आता मुलीला बोलवा ना."

मी बसलेच होते रे समोर.

अण्णा म्हणाले, "हीच आमची विनू." मावशीच्या मांडीवर माझा फोटो होता. तिने फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत फोटोकडे बघितलं. बाजारात भेंडी निवडताना बघतात तसं बघितलं. आणि तू, दाराला टेकून उभा होतास, हसत हसत म्हणालास, "प्रिंटमध्ये थोडा फरक येतोच. मशीनचं असतं ते." मुलाच्या आईने चहा अर्धा ठेवला. माझ्या रंगाला ते नाही म्हणाले असते तर मी रडून मोकळी झाले असते. ते मला खोटारडी समजून गेले. फोटो मी केला नव्हता, पण खोटारडी मी ठरले.

मग तू आणि आई माझ्यावरच डाफरलात. तुझ्या भल्यासाठीच केलं, म्हणालास. आई म्हणाली, "कनाला तोंड वाकरा करतंस गो, भावाने चांगल्यासाठीच केलान." त्यानंतर मी पाहुण्यांसमोर कधी बसले नाही. अण्णांच्या तेराव्याला, भरल्या घरात, तू म्हणालास, "गोरी असतीस तर कधीच आपल्या घरी गेली असतीस." त्यावर मी जे बोलले ते बोलले. एक शब्द मागे घेणार नाही. बोलणं तिथे थांबलं.

आता सईच्या बाबतीत तेच चाललंय. ती पोरगी तुझी आहे. समोर बसून "मुलीला बोलवा" ऐकायची पाळी तुला तिच्यावर आणायचीये का? माझ्यावर आणून पोट भरलं नाही का तुझं?

ओरिजिनल फाईल परत पाठवतेय. हात न लावता छाप.

विनिता


१६ नोव्हेंबर

दादा,

चंदूने परवा निरोप आणला, "भाऊ बोलले, आईची शपथ, मी त्या फोटोला टच पण नाही केला." आईची शपथ तू उगाच घेत नाहीस, एवढं मला माहितीये. म्हणून आज मीच उल्हासनगरला, लॅबमध्ये येऊन गेले. तू कल्याणला कागद आणायला गेला होतास. माझं नशीब, नाहीतर तुझं.

केवढा बदलला आहे आपला कॅम्प! आता दुकानावर दुकान चढलंय. अण्णा बसायचे त्या काउंटरवर काच आलीये आणि तिच्याखाली नवरा-नवरींचे फोटो, नवऱ्या सगळ्या एका पिठाच्या. चंदूने मला आत नेऊन खुर्ची दिली, चहा मागवला. मी म्हटलं, मला फक्त बघायचंय फाईल कुठून कुठे जाते. तो बिचारा दाखवत होता. तेवढ्यात अंबरनाथचा तो फोटोग्राफर आला, हेमंत. गळ्यात कॅमेरा, हातात पेनड्राइव्ह. माझ्याकडे बघितलंही नाही.

"चंदू, अर्जंट आहे यार. नवरीला विनू मार. लई सावळी आहे, डबल मार."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. चंदूने फोटो उघडला, एफ-सात दाबलं, पुन्हा दाबलं. माझ्या डोळ्यांसमोर ती मुलगी पांढरी पडत गेली. बाहेरून शेजारचा अल्बमवाला सिंधी काका ओरडला, "मेरे भी वो विनूवाले निकाल देना, चंदू!" हसत-खेळत, चहा मागावा तसं.

मी चंदूला विचारलं, "काय मारलंस?"

"विनू, ताई."

"विनू कोण?"

"कोण नाय, अ‍ॅक्शन आहे. बटण दाबलं की स्किन ग्लो होते. आपल्या लॅबची फेमस आहे. मी लागलो त्याच्या आधीपासून आहे, भाऊंनीच बनवलेली. अंबरनाथ-बदलापूरला सगळे हीच वापरतात, पेनड्राइव्हमधून घेऊन जातात. हेमंतभाई, खरं ना?"

हेमंत म्हणाला, "विनूशिवाय सीझन निघतच नाही."

चंदू मला विनिताताई म्हणून ओळखतो. त्याला काय माहीत! मी त्याला सईची माझी फाईल उघडायला लावली आणि म्हटलं, मार बघू. त्याने मारली. साडी पिवळी पडली, टिकली गुलाबी झाली. आईच्या खोलीत भिंतीवर माझा तो फोटो अजून आहे ना, सोनेरी फ्रेममधला? त्यातली टिकलीही अशीच गुलाबी आहे. मी लाल लावली होती त्या दिवशी. आठवून आठवून सांगते, लालच होती.

म्हणजे तू माझ्या फोटोवर बसून ती रेसिपी बनवलीस, फाईलला विनू नाव होतं म्हणून तिलाही तेच ठेवलंस, आणि मग विसरलास. कॉम्प्युटर बदलले, मशीनं बदलली, विनू तेवढी इकडून तिकडे कॉपी होत राहिली. तू मुद्दाम केलं असतंस तर निदान शिव्या घालता आल्या असत्या. तू तर आळशीपणा केलास. कर्जतपासून कल्याणपर्यंत जी जी सावळी पोर बोहल्यावर चढली, तिच्या तोंडावर माझं नाव फासलं गेलं, आणि फासणाऱ्या एकालाही माहीत नाही की विनू नावाची एक बाई बदलापुरात बसून त्याच पोरींचे फोटो जसेच्या तसे ठेवायला डोळे फोडून घेतेय.

चंदूला म्हटलं, जुन्या डिस्कवर माझा मूळ फोटो शोध. त्याने मनापासून शोधला. मिळाला, पण तोच, उजळवलेला. तू ओरिजिनलवरच सेव्ह केलं होतंस. नवं नाव न देता, तस्संच. शिकाऊ माणसाची चूक, कुणाचीही होते. पण त्यामुळे पंचवीस वर्षांची मी जशी होते तशी आता कुठेच नाही. बाकीचे कॉलेजचे वगैरे जे होते ते पुराच्या वर्षी या घरात पाणी शिरलं तेव्हा कपाटातच लगदा होऊन गेले.

आणि सईचा फोटो? तो तू केला नाहीस, तुझी शपथ खरी निघाली. मी माफी मागत नाही, पण खरी निघाली हे लिहून देते. चंदूने केला का? त्याने कानाला हात लावले. "सई बेबीच्या फाईलला मी कशाला हात लावू, ताई? तिन्ही वेळा बेबी स्वतःच येऊन बसली. म्हणाली, आत्याला बोलू नको."

चहा तसाच ठेवून निघाले. चंदूला ओरडू नकोस.

विनिता


२० नोव्हेंबर

दादा,

सईला काल बोलावून घेतलं. तुला सांगून आली नसेल. तिच्या हातची भाकरी खाल्ली, बरी करते. जेवण झाल्यावर दोन्ही फोटो तिच्यासमोर ठेवले. माझा, घरच्या प्रिंटरवर काढलेला, आणि तिचा.

मला वाटलं रडेल, नाहीतर लाजेल. काही नाही. म्हणाली, "आत्या, तुझावाला भारीच आहे गं. तो मी ठेवणारच आहे, माझ्यासाठी. पण त्यांना हाच देऊ दे ना, प्लीज."

मी तापलेच. म्हटलं, तुला माहितीये का ते बटण काय आहे? त्या विनूच्या नावाने मी काय भोगलंय ते कुणी सांगितलंय का तुला?

"माहितीये ना. विनू म्हणजे तूच."

ती अगदी साधेपणाने बोलत होती रे, मला बरं वाटावं म्हणून बोलत होती. "लहानपणी आजीच्या खोलीत झोपायचे ना मी, तुझा फोटो समोरच. केवढी गोरी होतीस तू! मी आजीला विचारायचे, मग आत्या आता अशी का दिसते? आजी म्हणायची, उन्हातानात हिंडली, मनाला लावून घेतलं, रंग उतरला. मग लॅबमध्ये चंदूकाका विनू मारायचे, तेव्हा मला वाटायचं, पप्पांनी बहिणीच्या आठवणीसाठी ठेवलंय. सगळ्या नवऱ्या विनूआत्यासारख्या दिसाव्यात म्हणून. म्हणून मीपण मारलं. मला तुझ्यासारखं दिसायचं होतं, आत्या. तेव्हाच्या तुझ्यासारखं."

मी तिला सांगितलं. म्हटलं, अगं, मी तेव्हाही अशीच होते. आत्ता आहे तश्शी. तो फोटो खोटा आहे, तुझ्या बापाने रंगवलेला. तुझा नि माझा रंग एकच आहे, जन्मापासून. तिने काय केलं असेल? उठून मला मिठी मारली. म्हणाली, "तू किती चांगली आहेस गं. मला वाईट वाटू नये म्हणून बोलतेस ना?"

आता मी काय दाखवू तिला? आहे काय माझ्याकडे? एवढे अल्बम केले, लोकांच्या पोरींचा रंग सांभाळला, आणि स्वतःचा एक खरा फोटो माझ्यापाशी नाही. भाचीसमोर मी पुन्हा खोटारडी ठरले. या वेळी मिठी मारून ठरवलं, एवढाच फरक.

चोवीसला मुलाकडचे येणार. मी येणार नाही. फोटो तिने तिचावाला दिलाय, मी अडवलं नाही. अडवायला माझ्या हातात काही नव्हतं.

विनिता


२८ नोव्हेंबर

भावेशदादा,

चंदूने पेढे दिले. जमलं म्हणून सांगितलं. छान झालं, खरंच छान झालं. पोरीचं वाईट मी कधीच चिंतलेलं नाही, आणि मुलगा सरळ आहे असं ती म्हणते. त्याने तिला आधीच दोनदा स्टेशनवर लांबून बघून ठेवलं होतं म्हणे. म्हणजे त्याला फोटोची गरजच नव्हती. हे ऐकून मी आधी हसले आणि मग घरातल्या घरात खूप वेळ चालत राहिले.

सईने मला सगळं फोनवर सांगितलं. तू तिथेच होतास, तरी लिहिते, कारण तू ऐकून न ऐकल्यासारखं करतोस. मुलाच्या आजीने फोटो डोळ्यांजवळ धरला, सईकडे बघितलं आणि म्हणाली, "फोटोत काय वेगलीच वाटतंस गो." आणि आपली सई, हसत हसत, चहाचा कप तिच्या हातात देत म्हणाली, "प्रिंटमध्ये थोडा फरक येतोच, आजी. मशीनचं असतं ते."

सगळे हसले. तूही हसलास, असं ती म्हणाली.

तुझं वाक्य, दादा. काउंटरवर गिऱ्हाइकांना रोज सांगतोस, तिथूनच उचललं असणार तिने. मला ते वाक्य ऐकून खुर्चीतून उठता आलं नव्हतं. तिला ते स्वतःच्या तोंडाने, कपबशी न हलवता म्हणता आलं. तू म्हणशील बघ, पोरगी किती हुशार, वेळ निभावून नेली. हो, नेली. मला त्याचीच भीती वाटते.

आता तुझ्या निरोपाचं. लग्नाचा अल्बम मी करावा, घरचं काम आहे, असं तू म्हणालास. आणि मुलाच्या आईने सांगितलंय की अल्बममध्ये सून बायोडाट्यातल्या फोटोसारखीच दिसली पाहिजे, तेव्हा "जरा बघून घे." चंदूने हे सांगताना मान खाली घातली होती. त्याला आता कळलंय विनू कोण ते. सिंधी काकाला त्याने सांगितलं की ती अ‍ॅक्शन करप्ट झाली, असं मला कळलं. तू ती डिलीट केलीस का, विचारणार नाही. तुझ्याकडून गेली तरी हेमंतकडे आहे, त्याच्याकडून आणखी कुणाकडे असेल. ती आता माझ्या मरणानंतरही मुली उजळवत राहणार.

अल्बम मी करीन. फोटोही मीच काढीन. हळदीच्या दिवशी पोरगी हळदीने पिवळी दिसेल आणि हळदीखाली तिच्याच रंगाची दिसेल. ओरिजिनल तीन ठिकाणी ठेवीन. तिची मुलं उद्या विचारतील आई कशी होती, तर दाखवायला काहीतरी असेल. छपाई तुझ्याकडे होणार नाही. तिच्या सासूला पटलं नाही तर तिने माझ्याशी बोलावं, माझा नंबर तिने अजून ब्लॉक केलेला नाही.

पण त्याच्या बदल्यात एक काम तुला करायचंय. आईला आता नीट दिसत नाही. भिंतीवरच्या फोटोतली मुलगीच तिला खरी वाटायला लागलीये, परवा सईला म्हणाली, विनू लहानपणी दुधासारखी होती. अण्णा गेले. मूळ फोटो तू पुसलास. मी पंचवीसची असताना माझा खरा रंग बघितलेला आणि अजून शुद्धीवर असलेला माणूस या जगात तू एकटा उरलायस. काय नशीब आहे बघ, साक्षीदार मिळाला तोही तूच.

सईला समोर बसव आणि सांग. माफी नको, रडारड नको, माझं कौतुक तर नकोच. एवढंच सांग, तुझी आत्या पहिल्यापासून तुझ्यासारखीच होती. माझ्या तोंडून ते तिला खरं वाटत नाही. तुझ्या तोंडून वाटेल, कारण फोटो तू केला होतास.

हे लग्नाच्या आधी झालं पाहिजे. मग हवं तर माझा नंबर तसाच ब्लॉक राहू दे.

विनिता

ता. क. आईच्या खोलीतली ती सोनेरी फ्रेम चंदूबरोबर पाठवून दे. आतला फोटो तू ठेव. मला फ्रेम हवीये, सईचा माझ्याकडचा फोटो त्यात बरोबर बसतो.